पुढून रुंद, खालून सपाट: टाचदुखी, कुरूप आणि बुटांची निवड

खडूफळा
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी नाशिकला शाळेत शिकवते, चोवीस वर्षं झाली. दिवसाचे पाच-सहा तास उभ्यानेच जातात, तेही फरशीवर. दीड वर्षापूर्वी उजवी टाच धरली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की पहिली दहा-बारा पावलं टाचेत खिळा घुसल्यासारखी. जरा चाललं की कमी होतं, आणि स्टाफरूममध्ये अर्धा तास बसून उठलं की पुन्हा तेच. जोडीला दोन्ही करंगळ्यांवर कुरूप आणि डाव्या अंगठ्याच्या बुडाशी बाहेर आलेलं हाड.

डॉक्टरांनी प्लांटर फॅशिआयटिस सांगितलं, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली जो जाड पडदा असतो त्याचं दुखणं. एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाला छोटा काटा दिसला आणि मी घाबरून गेले. डॉक्टर म्हणाले की असा काटा काहीही न दुखणाऱ्या कितीतरी माणसांच्या एक्स-रेतही दिसतो, त्याच्या मागे लागू नका. पोटऱ्यांचे व्यायाम दिले आणि म्हणाले, "आधी पायातलं बदला."

मग शनिवारी संध्याकाळी एक प्रयोग केला. कोऱ्या कागदावर उभी राहिले आणि मुलीला पेन्सिल अगदी सरळ उभी धरून पायाभोवती रेघ मारायला सांगितली. चवड्याची रुंदी भरली ९.८ सेंटीमीटर. रोजचे शाळेचे बूट त्या आकृतीवर ठेवले तर त्यांचा तळ तिथे जेमतेम ८.३! मग जुन्या बुटातला सुकतळा उपसून काढला. त्यावर माझ्या पायाचा काळपट ठसा होता. टाचेचा खड्डा, चवड्याचा खड्डा, चार बोटांचे चार ठिपके. करंगळीचा ठिपकाच नाही. तिच्या जागी सुकतळ्याची कड दुमडून वर गेलेली, आणि बुटाच्या आतल्या अस्तराला तिथेच भोक. किती वर्षं ती करंगळी भिंतीला टेकून चालत होती!

इतकी वर्षं मी दुकानदाराच्या "वापरल्यावर सैल होतात हो" यावर विश्वास ठेवला. बूट चावतात, मग सैल होतात, असंच वाटायचं.

आता पुढून रुंद आणि खालून सपाट असे बूट घ्यावेत असं मनात आहे. कोणी वापरले आहेत का? टाचदुखीला सपाट तळ चालतो का? कृपया अनुभव सांगा.


स्नायूबंध
सोमवार, रात्री १०.५५

ताई, कागदाचा प्रयोग केलात ते फार चांगलं केलंत. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या टाचदुखीच्या पेशंटना मी हेच पहिल्या दिवशी करायला लावते.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवायला हव्यात. एक रुंदी, दुसरा सपाटपणा.

रुंदीबद्दल माझ्या मनात शंका नाही. बूट चवड्यापाशी आणि बोटांपाशी पायापेक्षा अरुंद असेल तर कुरूप होणारच. अंगठा आत ढकलला जातो आणि त्याच्या बुडाचं हाड बुटाला घासत राहतं. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधली नस चिमटली तर चालताना तिथे आग होते, बोटं बधिर होतात. मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात त्याला. माझ्या कित्येक पेशंटचं हे दुखणं नुसत्या मोकळ्या बुटांनी निम्म्यावर आलेलं मी पाहिलंय. अंगठ्याचं बाहेर आलेलं हाड मात्र रुंद बुटांनी परत जागेवर जात नाही. बोटांमध्ये घालायच्या रबरी गोळ्यांनीही जात नाही. घासणं थांबतं, सूज उतरते, दुखणं कमी होतं, आणि रोज शाळेत उभं राहणाऱ्या बाईला तेवढं पुष्कळ आहे.

सपाटपणाचं तसं नाही. नेहमीच्या रनिंग शूजमध्ये टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १२ मिलीमीटर उंच असते. वर्षानुवर्षं तसे बूट घालून पोटरी आखडलेली असते. अचानक शून्य उंचीवर आलात की तो सगळा ताण पोटरीवर, टाचेमागच्या जाड शिरेवर आणि तळव्याच्या त्याच पडद्यावर येतो. टाच दुखत असताना पातळ, सपाट तळाचे बूट दिवसभर घालणं म्हणजे दुखऱ्या जागेवर ओझं टाकणं. आधी रुंद, मऊ आणि थोड्या टाचेचे घ्या. दुखणं निवळल्यावर हळूहळू सपाटाकडे या.

ज्यांच्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजून ताठ झालाय त्यांना तर लवचीक तळ मुळीच मानवत नाही. अंगठा मागे वळला की कळ जाते. त्यांना कडक तळाचे, पुढून किंचित वर उचललेले बूट लागतात.


दूरदेशी
मंगळवार, पहाटे ५.१०

मी ओसाकाला असतो. इथे आल्यावर पहिल्यांदा कळलं की बुटाला लांबीसोबत रुंदीचाही नंबर असतो. इथे लांबी सरळ सेंटीमीटरमध्ये, २४.५, २५ अशी, आणि तिच्या शेजारी ई, २ई, ३ई, ४ई अशी अक्षरं. साध्या दुकानातल्या साध्या बुटाच्या खोक्यावरसुद्धा. माझा पाय ४ई निघाला. भारतात असताना मी कायम ९ नंबर घ्यायचो, इथे लांबीने ८ च्या आसपासचा बूट बरोबर बसला. इतकी वर्षं रुंदी मिळावी म्हणून लांबी विकत घेत होतो.

अमेरिकन मोजमापात अक्षरं वेगळी. तिथे पुरुषांची सर्वसाधारण रुंदी डी, बायकांची बी. त्यामुळे डी लिहिलेला बूट बायकांच्या मापात रुंद आणि पुरुषांच्या मापात नेहमीचा. आणि जपानी २ई ही इथली जवळपास सर्वसाधारण रुंदी समजली जाते, म्हणून जपानी २ई आणि अमेरिकन २ई एकच समजू नका. न्यू बॅलन्ससारख्या कंपन्या एकच बूट दोन-तीन रुंदीत काढतात. ऑनलाइन घेताना त्या अक्षराकडे नीट बघा.


स्नायूबंध
मंगळवार, सकाळी ८.२०

दूरदेशींनी कळीचा मुद्दा मांडलाय, म्हणून लगेच लिहिते. ब्रिटिश मापात एक नंबर वाढला की लांबी एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलीमीटर वाढते, आणि रुंदी त्यामानाने अगदी थोडी. मोठा नंबर घेतला की बूट जिथे वाकायला हवा ती जागा पुढे सरकते. तुमचा चवडा एकीकडे वाकतो, बूट दुसरीकडे. शिवाय टाच मागे सटकते, मग बूट पायात राहावा म्हणून बोटं आत आवळून चालायची सवय लागते. टाचदुखीच्या माणसाला ही सवय फार महागात पडते.


तळटीप
मंगळवार, दुपारी १.३०

याच मुद्द्यावर आपल्याकडे मोठं काम झालंय, ते इथे यायलाच हवं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ मध्ये देशभरात ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय मोजले. थ्रीडी स्कॅनरने. निष्कर्ष असा की आपले पाय युरोपीय आणि अमेरिकन पायांपेक्षा रुंद आहेत, आणि बाजारातले बूट त्यांच्या साच्यांवर बेतलेले असल्याने लोक गरजेपेक्षा लांब आणि तरीही घट्ट बूट घालतात. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली, वयोगटानुसार आठ गटांची.

दूरदेशी ओसाकात जे शिकले तेच हे. आपल्या पायात काही खोट नाही, साचा दुसऱ्याच्या पायाचा आहे. मला हे वाचून खरंच बरं वाटलं होतं. आमच्या घरात सगळ्यांनाच "कुळवाडी पाय आहेत तुमचे" असं लहानपणापासून ऐकवलं गेलंय, आणि माझ्या बहिणीने त्या पायाची लाज बाळगत पंधरा वर्षं टोकदार चपला घातल्या. आज तिच्या दोन्ही पायांची दुसरी बोटं अंगठ्यावर चढली आहेत.


कृष्णाकाठ
मंगळवार, संध्याकाळी ७.१५

कोल्हापुरीचा विषय कोणीच काढला नाही? रुंद आणि सपाट म्हटलं की आमच्या भागात दुसरं काय आठवणार. माझे वडील आयुष्यभर कापशीच (कोल्हापुरीचाच एक प्रकार) वापरत. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि पलीकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. झाडाच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं कातडं, टाच जवळजवळ सपाट, बोटं उघडी. करंगळीला भिंतच नाही!

पण खरं सांगतो. खडूफळाताई, शाळेच्या फरशीवर सहा तास उभं राहायला मी कोल्हापुरी सुचवणार नाही. तळ कडक असतो, मऊपणा काहीच नाही. वडील शेताच्या मातीत चालायचे. शिवाय नवी असताना अंगठा आणि पट्टा दोन्ही चावतात. आम्ही आठवडाभर रात्री पट्ट्याला खोबरेल तेल चोळून ठेवतो आणि सुरुवातीला घरातच तासभर घालतो. पावसात तर अजिबात नको, चामड्याचा तळ पाणी पितो आणि कुजतो.

आणखी एक. कारागिराकडून करून घेतलीत तर तो पाय कागदावर ठेवून माप घेतो. तुमच्या मुलीने काढली तीच रेघ. दोन्ही पायांचं माप वेगळं घ्यायला सांगा. माझा डावा पाय उजव्यापेक्षा अर्ध्या बोटाने रुंद आहे, हे मला एका म्हाताऱ्या कारागिराने सांगितलं तेव्हा मी चाळिशीत होतो.


घाटवाट
मंगळवार, रात्री ११.०५

सपाट बुटांबाबत माझी चूक सांगतो, दुसऱ्या कोणी करू नये म्हणून. मी सह्याद्रीत ट्रेक करतो आणि रोज पाच-सहा किलोमीटर पळायचो. बेअरफूट बुटांविषयी वाचलं, भारून गेलो, पातळ तळाचे सपाट बूट मागवले आणि दुसऱ्याच दिवशी नेहमीइतकाच पळलो. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. ते नैसर्गिक आहे असं वाचलं होतं म्हणून थांबलो नाही. चौथ्या आठवड्यात उजव्या पायाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे, बोट ठेवलं तरी जीव जाईल असं दुखायला लागलं. एमआरआयमध्ये हाडाला तडा जाण्याच्या आधीची सूज निघाली. सहा आठवडे पळणं बंद.

नंतर कळलं की अमेरिकेत २०१३ मध्ये ३६ धावपटूंवर नेमका असाच अभ्यास झाला होता. दहा आठवड्यांत पाच बोटांच्या पातळ बुटांकडे वळलेल्या १९ जणांपैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. आणि ते बूट बनवणाऱ्या व्हायब्रम कंपनीने पायाचे स्नायू बळकट होतात या दाव्यांवरच्या खटल्यात २०१४ मध्ये ३७.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

मी सपाट बूट सोडले नाहीत. आता पळायला वापरत नाही, पण रोजच्या चालण्याला तेच घालतो, आणि बोटं मोकळी असण्याचं सुख मला परत हरवायचं नाही. फरक एवढाच की दुसऱ्यांदा सुरुवात दिवसाला पंधरा मिनिटांनी केली आणि पूर्ण दिवसापर्यंत यायला पाच महिने घेतले.

ट्रेकवाल्यांसाठी: सपाट तळ म्हणजे गुळगुळीत तळ नव्हे. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर तळाच्या खाचा लागतातच. आणि उतरताना बोटं पुढे आदळून नखं काळी होत असतील तर बुटाचं पुढचं तोंड रुंद तर हवंच, शिवाय अंगठ्यापुढे साधारण बोटभर जागाही हवी.


सांजवात
बुधवार, सकाळी १०.००

माझ्या बाबांना अठरा वर्षं मधुमेह आहे. पाय फुगतात, बूट घट्ट होतात म्हणून हा धागा वाचतेय. त्यांच्यासाठी पातळ सपाट बूट घ्यावेत का? ते म्हणतात, "मला कुठेच दुखत नाही, कुठलेही आण."


स्नायूबंध
बुधवार, सकाळी १०.२५

सांजवात, कृपया आणू नका. "कुठेच दुखत नाही" हेच मधुमेहाच्या पायाचं सर्वात काळजीचं लक्षण असू शकतं. आधी डॉक्टरांकडून तळव्याची संवेदना तपासून घ्या. नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याच्या ठरावीक जागांवर टेकवतात, वाकेपर्यंत दाबतात, आणि डोळे मिटून कुठे स्पर्श झाला ते सांगायचं असतं. दोन मिनिटांचं काम आहे. पायातल्या नाडीचे ठोके आणि सूजही तपासायला सांगा, सूज का येते ते कळायला हवं.

संवेदना कमी असेल तर त्यांना हवं रुंद, खोल आणि जाड मऊ सुकतळ्याचं पादत्राण, खालून काटा-खिळा घुसणार नाही असा चिवट तळ आणि मागे पट्टा. अंगठ्याची चप्पल नको, घरातही अनवाणी नको. आपल्याकडे यासाठी एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला मिळतात. अंगठ्याने दाबलं की हे रबर खोलगट होतं आणि सोडलं की वर येतं.

या मागचं काम वेल्लोरचं आहे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांच्या पायाच्या जखमा रोगाने मांस सडल्यामुळे होतात असा तेव्हाचा समज होता. बधिर पायाला दाब आणि इजा कळत नाही, माणूस त्याच जागेवर चालत राहतो आणि जखम होते, हे त्यांनी दाखवून दिलं. मधुमेहाच्या पायालाही हेच लागू आहे. बाबांचे बूट रोज घालण्याआधी हात घालून आतून चाचपा. एका आजोबांच्या बुटात सबंध दिवस शर्टाचं बटण होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. संध्याकाळी मोजा रक्ताने भिजलेला दिसला तेव्हा घरच्यांना कळलं.


सांजवात
बुधवार, सकाळी १०.४०

वाचूनच अंगावर काटा आला. आजच वेळ घेते. मनापासून आभार.


चंद्रभागा
बुधवार, रात्री ९.००

राम कृष्ण हरी. सात वर्षं आळंदी ते पंढरपूर चालतोय, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पहिल्या वर्षी अगदी मापाचे नवे बूट घालून गेलो. सासवडच्या मुक्कामापर्यंतच दोन्ही करंगळ्यांना फोड. दुपारी डांबर तापतं, पाय सुजतात, आणि सकाळी मापात असलेला बूट दुपारी मापात राहत नाही. मुक्कामाच्या तळावर एक चर्मकार दादा सेवा म्हणून लोकांच्या चपला शिवून देत होते. त्यांनी माझा बूट हातात घेतला, करंगळीपाशी रापीने अलगद एक चीर दिली आणि म्हणाले, "माउली, आता पाय श्वास घेईल." त्याच बुटांनी पंढरी गाठली.

तेव्हापासून बूट कायम संध्याकाळी घेतो, दिवसभर चालून झाल्यावर. आणि चालताना जे मोजे घालणार तेच घालून. वारीला नवा बूट कधीच नाही, किमान दोन महिने वापरलेला.


दोनचाकी
गुरुवार, दुपारी १२.१५

मुलांचं काय? माझा मुलगा सात वर्षांचा आहे, पाय पूर्ण सपाट, कमान दिसतच नाही. दुकानदार म्हणतो कमान आधार असलेले कडक बूट घ्या. आजी म्हणते अनवाणी खेळू द्या. शाळेला तर काळे बूट लागतातच.


स्नायूबंध
गुरुवार, दुपारी २.४५

आजींच्या बाजूने आपल्याकडचाच पुरावा आहे. १९९२ मध्ये राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पायाचे ठसे तपासले. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. आणि पुढून बंद असलेले बूट वापरणाऱ्यांत प्रमाण जास्त होतं. यावरून बूट हेच एकमेव कारण असं म्हणता येत नाही, पण कडक बुटांनी कमान तयार होते या समजाला तरी आधार नाही.

त्याला चवड्यावर उभं करा. टाचा उचलल्यावर कमान दिसली तर पाय लवचीक आहे. दुखत नसेल, खेळताना थकून बसत नसेल, तर काही करावं लागत नाही. चवड्यावरही कमान आली नाही किंवा दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. शाळेचे बूट रुंद तोंडाचे घ्या आणि दर तीन-चार महिन्यांनी सुकतळा काढून त्यावर त्याला उभं करून बघा. "वाढत्या अंगाचे" म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका, तेही तितकेच वाईट.


खडूफळा
गुरुवार, रात्री १०.१०

सगळ्यांचे किती आभार मानू! काल संध्याकाळी शाळा सुटल्यावर, पाय सुजलेले असतानाच, कापलेली पायाची आकृती पर्समध्ये घालून दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, आधी सुकतळे काढून दाखव. तो जरा बावरला, पण प्रत्येक बुटाचा सुकतळा काढून माझ्या कागदावर ठेवत गेला. बायकांच्या विभागातले अकरा जोड पाहिले, अकराही करंगळीपाशी आत. शेवटी तोच म्हणाला, "मॅडम, पुरुषांचे बघूया का?" पुरुषांच्या विभागात ६ नंबरचा एक साधा करडा वॉकिंग शू निघाला. सुकतळा कागदावर ठेवला तर चोहोबाजूंनी रेघेच्या बाहेर थोडा थोडा. टाच जरा उंच आहे, स्नायूबंधताईंनी सांगितलं तशी.

घातले आणि दुकानात दहा मिनिटं चालले. बोटं पसरली. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

डाव्या पायाला हाडापाशी अजून किंचित घासतं. त्याला काही उपाय आहे का? आणि घरात चप्पल घालावी का? आमच्याकडे स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही.


स्नायूबंध
गुरुवार, रात्री १०.५०

वा ताई! डाव्या बुटाची नाडी सोडा आणि पुन्हा ओवताना हाडाच्या वर येणारी भोकं सोडून द्या. तिथे नाडी आडवी न नेता कडेने सरळ वरच्या भोकात घ्या. बूट तेवढ्या जागी उघडतो.

घरात घालाच, निदान सहा महिने. घरासाठी वेगळी मऊ जोडी घ्या, बाहेर कधीच न घातलेली. स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहणं हेच तर सर्वात जास्त. माझ्या बऱ्याच पेशंटच्या घरी "ही घरातली आहे, उंबऱ्याबाहेर जात नाही" एवढं सांगितल्यावर मोठ्यांनीही मानलं.

व्यायाम सोडू नका. सकाळी पलंगावरून उतरण्याआधी दुखरा पाय मांडीवर घ्या, हाताने बोटं नडगीकडे ओढा, दहापर्यंत मोजा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. दुखणं जरा कमी झालं की पायरीवर, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, टाचा सावकाश वर-खाली, एक दिवसाआड. कित्येकांना पूर्ण बरं व्हायला वर्षभर लागतं. मधेच एखादा दिवस पुन्हा दुखलं तर धीर सोडू नका.


कृष्णाकाठ
शुक्रवार, सकाळी ७.३०

जुने बूट चामड्याचे असतील तर फेकू नका ताई. मोच्याकडे लाकडी साचा असतो, तो बुटात घालून दोन-तीन दिवस ताणून ठेवतात, हाडाच्या जागी थोडी जागा होते. रेक्झिनचे असतील तर उपयोग नाही, ते परत आकसतात किंवा फाटतात.


खडूफळा
शुक्रवार, रात्री ९.२०

रेक्झिनचेच आहेत. आज नाडीची भोकं सोडून पाहिली, घासणं थांबलं. शाळेत दोन जणींनी कागद मागून घेतले आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या फरशीवरच एकमेकींच्या पायाभोवती रेघा मारल्या.

आता आईकडे आले आहे. ती ७४ वर्षांची आहे, कायम "मला ५ नंबर येतो" म्हणते, लग्नात घेतला तोच नंबर. आत्ता तिचा पाय कागदावर घेतला. लांबी ५ नंबरचीच आहे, पण रुंदी माझ्याहून जास्त. उद्या संध्याकाळी तिला घेऊन त्याच दुकानात जाते आहे.